तिसऱ्या हाताला ४ पॉइंटवर १ इस्पिक: नियमात बसतं का?

चौथी_जागा (धागाकर्ता)

रविवारच्या ब्रिजच्या जोड्यांच्या स्पर्धेतला एक डाव मांडतो. स्पर्धा नागपुरात धरमपेठेत झाली. क्लबचं आणि समोरच्या जोडीचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांना कळेल त्यांनीही इथे घेऊ नये, ही विनंती.

आम्ही उत्तर-दक्षिण, व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त). ते नॉन-व्हल्नरेबल. डीलर पश्चिम. पश्चिम पास, माझा पार्टनर पास, पूर्वेने, म्हणजे तिसऱ्या हाताने, १ इस्पिक. मी दक्षिणेला. माझ्याकडे १४ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), त्यात राजा-गुलामासकट इस्पिकचीच पाच पानं, बाकी ३-३-२. समोरच्यांच्या ओपनिंगवर आमचा १ नोट्रम्प (बिनहुकमाची बोली) ओव्हरकॉल १५ पासून सुरू होतो, आणि इस्पिकवर डबल (बाकीच्या रंगांतलं बोल, असं पार्टनरला सांगणारी बोली) मारायचा हा हात नाही. पश्चिमेला विचारलं, १ इस्पिक म्हणजे काय? "नॅचरल, पाच पानं, ओपनिंगचे पॉइंट." मी पास. पश्चिमेने २ इस्पिक. मग सगळीकडे पास.

डमी (पश्चिमेची उघडी पानं) खाली आली: ११ पॉइंट, इस्पिकची तीन पानं. पूर्वेकडे निघाले ४ पॉइंट आणि इस्पिक तीनच. सहा पानांच्या हुकमावर ते तीन डाऊन (बोलल्यापेक्षा तीन हात कमी) गेले, आम्हाला १५०. आमच्या दोघांत मिळून २५ पॉइंट होते. बहुतेक टेबलांवर उत्तर-दक्षिणने ३ नोट्रम्प करून ६०० घेतलेले.

डायरेक्टरना बोलावलं. त्यांनी चारही हात बघितले आणि म्हणाले, "सायकिक आहे. सायकिक नियमात बसते. पुढचा बोर्ड घ्या." (सायकिक म्हणजे हातात नाही ते मुद्दाम दाखवणारी बोली.)

४ पॉइंटवर ओपन केलं याचं मला काही नाही. ११ पॉइंट आणि तीन पानांचा सपोर्ट हातात धरून पश्चिम नुसतं २ इस्पिक म्हणते, ते का? त्यांना असं काय माहीत होतं जे मला सांगितलं नाही? त्यांच्या कार्डावर (जोडीच्या बोलींचे अर्थ लिहिलेला तक्ता) तिसऱ्या हाताच्या हलक्या ओपनिंगचा रकाना कोरा होता.

तर्रीवाला

बाप्पा! ४ पॉइंटवर ओपन करते अन् पार्टनरले पहिलेच माहीत. हे तर सरळ चीटिंग होऊन राहिली. तुम्ही गप कायले बसले?

पण एक सांगा भाऊ, तुमचा पार्टनर झोपला होता का? २५ मधून तुमचे १४ गेले, त्याच्याकडे ११ होते. इस्पिक दोन असतीन. शेवटच्या जागेवर डबल मारायले काय झालं होतं त्याले?

चौथी_जागा

व्हल्नरेबल होतो. तिकडे एक ओपनिंग आणि एक रेझ (पार्टनरचीच बोली वाढवणं) झालेला. माझ्याकडे फार तर ६-७ पॉइंट असतील असा त्याचा हिशेब. तो चुकीचा म्हणता येईल, वेडेपणाचा नाही.

जुना_डायरेक्टर

मी टेबलावर नव्हतो, त्यामुळे निकाल देत नाही. नियम काय म्हणतात तेवढं सांगतो, कारण इथे दोन-तीन गोष्टींची मिसळ झाली आहे.

आपण २०१७ ची डुप्लिकेट ब्रिजची नियमावली वापरतो. त्यातला नियम ४० पार्टनरशिपमधल्या समजुतींचा आहे. तो सांगतो की खेळाडूला कुठलीही बोली करता येते, आधी जाहीर न करताही. अट एवढीच की ती बोली लपवलेल्या समजुतीवर उभी नसावी. जाहीर केलेल्या पद्धतीपासून तुम्ही मुद्दाम फारकत घेऊ शकता, पण तसं झालंय याची शंका यायला तुमच्या पार्टनरकडे विरोधकांपेक्षा जास्त कारण असता कामा नये. तुमचे डायरेक्टर यातला पहिला भाग बोलले आणि दुसऱ्यापाशी थांबले.

समजूत तोंडी ठरवलेली असावी लागते असंही नाही. एकत्र खेळून खेळून, सवयीने तयार झालेली समजूतही समजूतच. नियमात स्पष्ट आहे की तीच तीच फारकत वारंवार घेतली तर ती जोडीच्या पद्धतीचा भाग बनते आणि विरोधकांना सांगावी लागते. न सांगितलेल्या माहितीमुळे विरोधकांचं नुकसान झालं असं डायरेक्टरला वाटलं, तर त्याने स्कोअर बदलायचा आहे, वर दंडही करता येतो.

तेव्हा ४ पॉइंटच्या १ इस्पिकपेक्षा मी ११ पॉइंटच्या २ इस्पिकची जास्त चौकशी केली असती. पश्चिमेला टेबलापासून बाजूला नेऊन विचारलं असतं, "एरवी या हातावर काय बोलता?" मग त्यांची आधीची स्कोअरशीट काढून पाहिली असती. त्याला वेळ लागतो आणि पुढची फेरी खोळंबते, म्हणून बरेच डायरेक्टर टाळतात. इंग्लंडच्या संघटनेत सायकिकचे लाल, पिवळा, हिरवा असे वर्ग करतात. पार्टनरने सायकिक 'सांभाळून घेतली' हे त्याच्या बोलीतूनच उघड दिसत असेल तर ती लाल. आपल्याकडे असं काही कागदावर नसेल, पण डोकं त्याच दिशेने चालवायला हरकत नाही.

तर्रीवाला, 'चीटिंग' शब्द जरा जपून. ब्रिजमध्ये त्याला वेगळं वजन आहे. १९६५ साली बुएनोस आयर्सच्या बर्म्युडा बाउलमध्ये (संघांची जागतिक स्पर्धा) ब्रिटनच्या रीस-शपिरो जोडीवर बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला, जागतिक फेडरेशनने त्यांना दोषी धरलं, ब्रिटिशांच्या स्वतंत्र चौकशीत तो सिद्ध झाला नाही, आणि त्यावर लोक अजून भांडतात. ठरवून केलेल्या खुणा हा नियम ७३ प्रमाणे सगळ्यात गंभीर गुन्हा. १९७५ पासून बर्म्युडा बाउलमध्ये टेबलावर पडदे आले तेही असल्याच संशयांमुळे. कार्डावर रकाना कोरा ठेवणं चूक आहे, पण त्या रांगेतलं नाही.

धंतोलीकर

दुसरी बाजू मांडतो. मी ती जोडी ओळखतो आणि त्यांच्याकडून भरपूर मार खाल्लाय.

तिसऱ्या हाताला हलकं ओपन करतात हे कुणाला माहीत नाही? पार्टनर पास, उजवीकडचा पास, म्हणजे चौथा माणूस मजबूत असणार, त्याच्या वाटेत दगड टाकायचा. पुस्तकातलं पहिलं कारण आहे हे. नियमच म्हणतो की ब्रिज खेळणाऱ्या सगळ्यांना जे सर्वसाधारणपणे माहीत असतं, त्यावरून काढलेले अंदाज सांगायची गरज नाही. पश्चिमेने सावधपणे २ म्हटलं, कारण तिसऱ्या हाताचं ओपनिंग हलकं असू शकतं. प्रत्येक शहाणा माणूस तेच करेल.

ड्रुरी कन्व्हेन्शन (ठरवलेल्या वेगळ्या अर्थाची बोली) कुठून आलं? एरिक मरे तिसऱ्या हाताला काहीही घेऊन ओपन करायचे, म्हणून त्यांचे पार्टनर डग्लस ड्रुरी २ किलवर बोलून विचारायला लागले, "खरंच ओपनिंग आहे का रे बाबा?" आज अर्धं जग ते खेळतं. मग ड्रुरींना पण पकडा.

किलवर_राणी

धंतोलीकर दादा, ड्रुरी हे तुमच्या विरोधातलं उदाहरण आहे. ड्रुरी कार्डावर लिहिलेलं असतं. २ किलवर बोलल्यावर अलर्ट (बोलीचा अर्थ नेहमीचा नाही, असा इशारा) होतो आणि समोरच्याला कळतं की ही जोडी तिसऱ्या हाताला हलकी ओपन करते. मरे-ड्रुरींनी ते टेबलावर मांडलं. इथे रकाना कोरा, आणि विचारल्यावर उत्तर "पाच पानं, ओपनिंगचे पॉइंट."

शिवाय हलकं म्हणजे किती हलकं? चांगल्या पाच पानांवर ९-१० पॉइंट असतील तर कुणी भुवई उचलणार नाही. ४ पॉइंट आणि तीन पानं हे 'सगळ्यांना माहीत असतं' यात कसं बसेल? मला तरी माहीत नव्हतं.

आणि या डावातला पेच इथेच आहे. जागतिक फेडरेशनच्या सिस्टिम पॉलिसीत 'हाइली अनयुज्वल मेथड' नावाचा गट आहे, ज्याला पिवळ्या सिस्टिम म्हणतात. त्याच्या व्याख्येत एक कलम असं आहे: एकच्या पातळीवरचं ओपनिंग, सरासरीपेक्षा एका राजाने किंवा त्याहून जास्त कमी ताकदीवर करायचं जोडीने ठरवलेलं असेल, तर ती पिवळी सिस्टिम. सरासरी हात १० पॉइंटचा, राजा ३ चा, म्हणजे ७ आणि त्याखाली. पिवळ्या सिस्टिमला वरच्या दर्जाच्या लांबलचक सामन्यांत वाट असते. गल्लीतल्या दोन-दोन बोर्डांच्या फेऱ्यांना ती कोण देईल?

आता बघा. ४ पॉइंटवर ओपन करायचं या जोडीचं ठरलेलं नसेल, तर पश्चिमेने ११ पॉइंटवर आपली नेहमीची बोली करायला हवी होती. ठरलेलं असेल, तर ते सांगायला हवं होतं. आणि ती पॉलिसी आपल्या स्पर्धेला लागू असेल, तर सांगितल्या क्षणी ते बंद. रकाना कोरा का राहतो, ते यातच आलं.

धंतोलीकर

राणीताई, पेच चांगला मांडलात. पण पश्चिमेची 'नेहमीची बोली' काय, ते तुम्हाला कुठे माहीत आहे? सपाट ४-३-३-३ मधले ११ असतील, त्यात राण्या-गुलामच असतील. मी पण कधीकधी २ वरच थांबतो.

चौथी_जागा

पश्चिमेकडे एक्का, राजा आणि पाच पानी चौकट होती.

धंतोलीकर

मग अवघड आहे.

इतवारी_एक्का

मी ब्रिज खेळत नाही, रमी खेळतो. 'नियमात बसतं का' वाचून आलो. आमच्या सोसायटीत पत्ते बसले की कोणीतरी पोलिसांची भीती घालतो. तुमचं ब्रिज चालतं का कायद्याने?

जुना_डायरेक्टर

चालतं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, आणि त्यात म्हटलं की रमीतला नशिबाचा भाग ब्रिजमधल्या पानवाटपासारखाच आहे. म्हणजे ब्रिजच्या जिवावर तुमची रमी सुटली. आपल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पैसे लावून अड्डा चालवणं वेगळं, त्याबद्दल वकिलालाच विचारा. ब्रिज तर एशियाडमध्येही खेळलं गेलंय, पहिल्यांदा २०१८ मध्ये. जकार्त्यात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीत सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. हांगझोऊला २०२३ मध्ये पुरुष संघाला रौप्य.

आता डावाकडे परत येऊ.

नवा_भिडू

काका, थोडं विषयांतर पण जवळचं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आम्ही हॉस्टेलचे चौघं ऑनलाइन ब्रिज शिकलो. तिथे आमच्या पार्टनरशिपमध्ये बऱ्याच भन्नाट गोष्टी आहेत. २ चौकट मल्टी खेळतो. दुसरी एक २ बदाम आहे, ज्यात 'बदाम-इस्पिक सोडून कुठलेही दोन सूट किंवा इस्पिक एकटा' असं काहीतरी आहे. आणि एक सीनियर आम्हाला फोर्सिंग पास शिकवून राहिला: पास म्हणजे १३ पॉइंट, आणि रिकामा हात आला की १ चौकट बोलायचं. यातलं नागपूरच्या स्पर्धेत काय चालेल? टेबलावर गेल्यावर कोणी ओरडायला नको.

किलवर_राणी

ओरडतील रे, तयारी ठेव. :)

मल्टी ही यातली सगळ्यात सभ्य. ती १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाली, टेरेन्स रीस आणि जेरेमी फ्लिंटमुळे. २ चौकट बोलायचं, हातात बदाम किंवा इस्पिकपैकी एक सहा पानी, कमकुवत. कुठला ते नंतर कळणार. जागतिक पॉलिसीत 'ब्राउन स्टिकर' नावाचा एक गट आहे: २ किलवर ते ३ इस्पिक यांमधलं असं ओपनिंग जे कमकुवत असू शकतं आणि कुठल्याही ठराविक सूटची किमान चार पानं पक्की सांगत नाही. मल्टी खरं तर या व्याख्येत बसते, पण तिला नाव घेऊन सूट दिलेली आहे. तुमची २ बदाम मात्र सरळ ब्राउन स्टिकर. ती ऐकूनच मला घाम आला.

फोर्सिंग पास म्हणजे पिवळ्या सिस्टिमचा नमुनाच. पास ताकदवान आणि एकची बोली पासपेक्षा कमकुवत, व्याख्येतली दोन कलमं तुम्ही एकाच वेळी पूर्ण करता.

या बंद्या कशासाठी असतात तेही समजून घे. तुमच्या १ चौकटीवर ओव्हरकॉलचा अर्थ काय, डबलचा काय, पासचा काय, हे समोरच्या जोडीला बसून ठरवावं लागतं. जागतिक स्पर्धेत अशा जोडीला आपली सिस्टिम आधी पाठवावी लागते, आणि ब्राउन स्टिकरविरुद्धचा बचाव लिहून टेबलावर ठेवायचीही विरोधकांना मुभा असते. आपल्याकडे दोन बोर्डांना पंधराएक मिनिटं. त्यात साठीतले काका-काकू तुमच्या १ चौकटीवर बचाव शोधत बसणार का? नियम ४० ने आयोजकांना असल्या खास पद्धतींना परवानगी द्यायचा, नाकारायचा किंवा अट घालायचा पूर्ण अधिकार दिलाय, त्यामागे हेच व्यावहारिक कारण. अमेरिकेत २०१८ मध्ये सगळे कन्व्हेन्शन चार्ट नव्याने लिहिले, स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे चार.

नवा_भिडू

पण ताई, मग नवीन काही येणारच नाही ना? स्टेमन पण कधीतरी नवीन होतं. तेव्हा 'नोट्रम्पवर २ किलवर म्हणजे किलवर नाहीच' ऐकून लोक चिडलेच असतील.

जुना_डायरेक्टर

प्रश्न बरोबर आहे आणि माझं याबाबतीत संघटनांशी जुनं भांडण आहे. पूर्वी जे वेड्यात निघालं ते पुढे रोजचं झालं हे खरं. अमेरिकेत रॉथ-स्टोन आणि कॅप्लन-शाइनवोल्ड या नावाजलेल्या पद्धतींत सुरुवातीला सायकिक ओपनिंग ही सिस्टिमचाच भाग होती, तिला आवरायच्या बोलीसुद्धा ठरलेल्या होत्या. आज जोडीने मिळून सायकिकचं असं 'नियंत्रण' ठरवलं तर बहुतेक ठिकाणी ते बंद आहे. मला विचाराल तर मोठ्या टीम सामन्यांत जास्त मोकळीक हवी, आणि जोड्यांच्या छोट्या स्पर्धेत आहे त्याहून जास्त कडकपणा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. कुणाला काय चालतं ते पत्रकात लिहिलेलंच नसतं, मग जो आवाज चढवतो त्याचं चालतं.

तर्रीवाला

हे शंभर टक्के. पत्रकात जेवणाचा मेन्यू असते, सिस्टिमचा स नसते.

चौथी_जागा

अपडेट. आज संध्याकाळी चहाच्या टपरीवर पूर्वेचे खेळाडू भेटले. माणूस मोकळा आहे. मी विचारलं, तर हसत म्हणाले, "अरे, नॉन-व्हल्नरेबल आणि तिसरा हात असला की आम्ही पानं बघतच नाही, काहीतरी बोलतो. गेली कित्येक वर्षं. यांना, म्हणजे पार्टनरला, माहीत असतं, म्हणून हे २ च्या वर जात नाहीत." त्यांना यात काही गैर वाटत नाही, आणि खोटं बोलतायत असंही मला वाटलं नाही. त्यांच्या लेखी ही स्टाइल आहे.

आता मी काय करावं? अपील?

किलवर_राणी

'यांना माहीत असतं.' संपलं की मग.

जुना_डायरेक्टर

अपीलची वेळ गेली. आयोजकांनी वेगळी मुदत दिली नसेल, तर अधिकृत निकाल लागल्यापासून ३० मिनिटं.

पण या एका वाक्याने प्रश्न सुटतो. ही सायकिक नव्हतीच. ज्याची पार्टनरला अपेक्षा असते त्या बोलीला सायकिक म्हणत नाहीत, ती त्यांची पद्धत आहे. तुम्हाला सांगितलेलं "पाच पानं, ओपनिंगचे पॉइंट" हे चुकीचं स्पष्टीकरण ठरतं. लक्षात घ्या, तुम्हाला पूर्वेच्या हातात काय आहे ते कळायचा हक्क नव्हता. जोडीचं ठरलेलं काय आहे ते कळायचा होता. पश्चिमेने "नॉन-व्हल्नरेबल तिसऱ्या हाताला काहीही असू शकतं" म्हटलं असतं तर तुम्ही १४ वर १ नोट्रम्प बोलला असता की नाही?

चौथी_जागा

डोळे झाकून.

जुना_डायरेक्टर

तेव्हाच हे पुढे आलं असतं तर स्कोअर बदलला असता. तुमच्या पार्टनरने डबल मारायला हवा होता हा तर्रीवालांचा मुद्दाही आडवा आला नसता. नियम १२ प्रमाणे नुकसानभरपाई कापायला मूळ गुन्ह्याशी संबंध नसलेली अत्यंत गंभीर चूक किंवा निव्वळ जुगारी बोली लागते. चुकीच्या माहितीवर केलेला पास त्यात येत नाही.

पुढचं म्हणाल तर आयोजकांना दोन ओळींचं पत्र द्या. तक्रार म्हणून नको, नोंद म्हणून. अमेरिकन संघटनेत अशा नोंदी ठेवायला रेकॉर्डर नावाचा माणूस असतो. एका डावावरून काही कळत नाही, पण तीच जोडी, तीच जागा, तीच बोली चार वेळा आली की डायरेक्टरला टेबलावर वाद घालावा लागत नाही. आणि त्या काकांनाच सांगा ना, रकान्यात लिहा म्हणून. चहा पाजताना सांगितलेलं जास्त लागू पडतं.

धंतोलीकर

मी सांगतो त्यांना, रोज सकाळी फुटाळ्यावर फिरायला भेटतात. पण राणीताईंचा पेच राहतोच. त्यांनी प्रामाणिकपणे 'तिसरा हात: ० ते १५, काहीही' असं लिहिलं तर आयोजक म्हणतील, हे चालणार नाही.

किलवर_राणी

नाही चालणार, बरोबर. मग त्यांनी खालची मर्यादा घालून घ्यावी. 'तिसऱ्या हाताला ८ पासून, चार पानं असू शकतात' असं लिहावं. ७ च्या वर राहिलं की पिवळ्या व्याख्येतून सुटतात, आणि समोरच्याला अंदाज येतो. कधी मधी ४ वर बोलावंसं वाटलंच तर खुशाल बोलावं, पण तेव्हा पश्चिमेने ११ वर ३ म्हणायचं आणि चार डाऊन जायचं.

तर्रीवाला

अन् समोरच्यानं डबल मारून दंड वाढवला तर आणखी मजा.

नवा_भिडू

ताई, आम्ही मग मल्टी ठेवतो, २ बदाम आणि फोर्सिंग पास हॉस्टेलातच राहू देतो. कार्ड कसं भरायचं ते कुठे शिकायला मिळेल? ऑनलाइन तर ज्याने बोली केली तोच अलर्ट टाइप करतो. प्रत्यक्ष टेबलावर उलटं असतं ना?

किलवर_राणी

हो, टेबलावर तुझ्या बोलीचा अलर्ट तुझा पार्टनर देतो आणि विचारल्यावर अर्थही तोच सांगतो. तू गप्प बसायचं, चेहराही हलवायचा नाही. त्याने अर्थ चुकीचा सांगितला तरी बोली चालू असताना तू दुरुस्त करायचं नाही. तुम्ही डिक्लेअर करणार (बोललेला डाव तुम्हीच खेळणार) असाल तर शेवटच्या पासनंतर, पहिली उतारी व्हायच्या आत, डायरेक्टरला बोलावून सांगायचं. बचावाला असाल तर डाव संपल्यावर.

कार्डाच्या दोन सारख्या प्रती आण, दोघांनी स्वतः भरलेल्या. मल्टीचं पान वेगळं जोड, मराठीत लिहिलंस तरी चालेल: २ चौकट म्हणजे बदाम किंवा इस्पिक सहा पानं, किती ते किती पॉइंट, आणि २ बदाम या उत्तराचा अर्थ काय. रविवारी अर्धा तास आधी ये, आयोजकांकडून मल्टीला हो की नाही ते आधी विचारून घेऊ, मग मी बघून देते.